मोटारसायकल पुन्हा पुन्हा सुरू होत नसेल तर दोष कसा शोधावा

मोटारसायकल एखाद्या दिवशी सुरू झाली नाही आणि दुरुस्तीनंतर वर्षभर तक्रार उरली नाही, तर त्या प्रसंगाचा फारसा विचार करण्याचे कारण नसते. खरा त्रास असतो तो वरचेवर उद्भवणाऱ्या दोषाचा. प्लग बदलला की गाडी सुरू होते आणि काही दिवसांनी पुन्हा अडते. नवी बॅटरी बसवली की महिनाभर सेल्फ व्यवस्थित चालतो आणि मग एका सकाळी नुसता ‘टिक’ असा आवाज येतो. आणि गाडी ढकलत मेकॅनिककडे न्यावी, तर तिथे ती पहिल्याच किकला सुरू होते. अशा वेळी बदललेला भाग खराब झाला होता हे बहुधा खरेच असते, पण तो का खराब झाला हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. काजळी धरलेल्या प्लगच्या मागे पेट्रोल जास्त असलेले मिश्रण असते, उतरलेल्या बॅटरीच्या मागे चार्जिंगमधला दोष किंवा विजेची गळती असते, आणि कार्ब्युरेटरमधल्या बुजलेल्या जेटच्या (पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्राच्या) मागे टाकीतला गंज असतो. नवा भाग बसवल्यावर हा मूळ दोष काही काळ झाकला जातो आणि गाडी सुरू झाली म्हणून दुरुस्ती झाली असा समज होतो. त्यामुळे वारंवार येणाऱ्या दोषात निकामी झालेल्या भागापाशी न थांबता शोध एक पायरी मागे न्यावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी माहिती मेकॅनिकपेक्षा गाडी रोज वापरणाऱ्याकडे अधिक असते.

ती माहिती म्हणजे गाडी नेमकी कोणत्या परिस्थितीत अडते याची नोंद. रात्रभर उभी राहिल्यावर अडते, की लांबचा प्रवास करून दहा मिनिटे थांबवल्यावर? आठवडाभर न वापरल्यावर, की पावसात भिजल्यावर किंवा धुतल्यावर? साईड स्टँडवर उभी केल्यावरच, की मधल्या स्टँडवरही? त्या वेळी सेल्फ फिरत होता का, हेडलाइट नेहमीसारखा होता का, पेट्रोलचा वास येत होता का, आणि शेवटी गाडी सुरू झाली ती कशामुळे: नुसते थांबल्यामुळे, चोक ओढल्यामुळे, टाकीचे झाकण उघडल्यामुळे, की हँडल हलवल्यामुळे? एवढे तीन-चार वेळा लिहून ठेवले, तर निम्मा शोध तिथेच संपतो, कारण गार इंजिनात अडणाऱ्या आणि तापलेल्या इंजिनात अडणाऱ्या गाडीचे दोष बहुतेक वेळा वेगळे असतात. स्मरणशक्तीवर विसंबून राहू नये. ‘कधीही अडते’ असे सांगणाऱ्याची गाडी नोंद ठेवल्यावर बहुधा ठराविक वेळीच अडताना आढळते.

आधी पाहण्याच्या गोष्टी

किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण) बंद स्थितीत राहणे, पेट्रोलचा कॉक बंद असणे किंवा टाकीत पेट्रोल रिझर्व्हच्याही खाली गेलेले असणे, या गोष्टी इतक्या साध्या आहेत की त्या पाहायच्याच राहून जातात. गाडी पडल्यावर सुरू होत नसेल, तर अनेक फ्युएल इंजेक्शन (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांमध्ये कल ओळखणाऱ्या सेन्सरने इंजिन बंद केलेले असते; गाडी सरळ उभी करून किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो सेन्सर इंजिनाला मोकळीक देत नाही.

याच गटातला पण वारंवार छळणारा दोष म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेले स्विच. ज्या गाड्यांमध्ये साईड स्टँडचा स्विच असतो, त्यात तो चाकाजवळ, चिखल-पाणी उडेल अशाच जागी बसवलेला असतो. त्यात माती गेली किंवा स्टँडची स्प्रिंग सैल झाली की स्टँड वर घेतलेला असूनही गाडीला तो खाली आहे असे वाटते. याची खूण स्पष्ट असते: गाडी न्यूट्रलमध्ये सुरू होते, पण गिअर टाकताच बंद पडते, किंवा स्टँड पायाने दोन-तीनदा खाली-वर केल्यावर सुरू होते. क्लचच्या दांड्याखालचा छोटा स्विचही असाच फसवतो. न्यूट्रलचा हिरवा दिवा कधी लागतो आणि कधी लागत नाही, अशी गाडी काही वेळा क्लच पूर्ण दाबल्यावरच सेल्फ घेते, आणि मालकाला मात्र सेल्फ बिघडला असे वाटते. स्विच स्वच्छ करून, त्याच्या कपलरमधील (तारांच्या प्लॅस्टिकच्या जोडणीतील) ओल वाळवून फरक पडतो का ते पाहावे. स्विच कायमचा जोडून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. साईड स्टँड खाली असताना गाडी निघाली तर पहिल्याच डाव्या वळणावर स्टँड जमिनीला टेकतो.

सेल्फ फिरत नसेल तर

येथे कानाचा उपयोग वीज मोजण्याच्या मीटरइतकाच (मल्टिमीटर) होतो. बटण दाबल्यावर ‘टिक-टिक-टिक’ असा जलद आवाज येत असेल आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या तारा सैल आहेत. एकच ‘टक्’ असा आवाज येऊन पुढे काही होत नसेल, तर रिले (सेल्फच्या मोटरला वीज जोडणारा स्विच) काम करतो आहे, पण सेल्फच्या मोटरला पुरेसा विद्युतप्रवाह मिळत नाही किंवा मोटरचे ब्रश झिजले आहेत. आवाजच नसेल, तर मुख्य फ्यूज, बटण, वर सांगितलेले सुरक्षा स्विच आणि रिले या क्रमाने जावे. आणि मोटर फिरल्याचा सणसणीत आवाज येतो पण इंजिन फिरत नाही असे असेल, तर वन-वे क्लच (सेल्फची मोटर इंजिनाशी जोडणारा भाग) घसरतो आहे. तो दोष बॅटरी बदलून कधीच जाणार नाही.

बॅटरीचे मोजमाप करताना गाडी काही तास बंद असावी, नाहीतर नुकत्याच झालेल्या चार्जिंगमुळे आकडा फुगलेला दिसतो. 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, 12.4 च्या खाली गेली की चार्ज करावी, आणि 12.0 च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे असे समजावे. मात्र उभ्या बॅटरीचा चांगला आकडा पुरेसा नसतो. सेल्फचे बटण दाबलेले असतानाच व्होल्टेज किती खाली येते ते पाहावे. 12.6 दाखवणारी बॅटरी त्या क्षणी 9.5 व्होल्टच्याही खाली कोसळत असेल, तर तिच्यात भार उचलण्याची ताकद उरलेली नाही. इंजेक्शनच्या गाड्यांत याचा एक गोंधळात टाकणारा परिणाम दिसतो: सेल्फ इंजिन फिरवतो, पण तेवढ्या वेळात कंट्रोल युनिटला (इंजिनाच्या संगणकाला) आणि पेट्रोलच्या पंपाला पुरेसे व्होल्टेज न मिळाल्यामुळे इंजिन पेट घेत नाही. सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी ठीक आहे असा निष्कर्ष काढून लोक इंजेक्टरपर्यंत पोचतात.

बॅटरी भक्कम असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर तारांमध्ये वाया जाणारे व्होल्टेज मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलच्या मधोमध आणि दुसरे इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर ठेवून सेल्फ दाबावा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसत असेल, तर अर्थिंगच्या तारेच्या जोडणीत गंज, रंग किंवा सैलपणा आहे. हाच प्रयोग धन टर्मिनल आणि सेल्फच्या मोटरवरचा बोल्ट यांच्यामध्येही करता येतो. ही चाचणी काही सेकंदांत होते, पण फार थोडे लोक ती करतात. सतत कंपन सोसणाऱ्या गाडीत बॅटरीचे छोटे नट हळूहळू ढिले होतात. तार हाताने हलवल्यावर हलते आहे असे दिसले तर आधी तिथेच थांबावे. टर्मिनल काढताना ऋण बाजू आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून फ्रेमला लागला तरी ठिणगी पडत नाही.

बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते

वारंवार येणाऱ्या तक्रारींपैकी ही सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने हाताळली जाते, म्हणून हिच्यावर थोडा अधिक वेळ घालवणे योग्य ठरेल. बॅटरी उतरण्याची कारणे मुख्यतः तीनच असतात: ती नीट भरली जात नाही, ती उभ्या गाडीत गळते, किंवा ती स्वतःच म्हातारी झाली आहे. तिसरे कारण सर्वांना आधी सुचते आणि तेच सर्वांत शेवटी धरावे.

भरण्याची तपासणी सोपी आहे. इंजिन सुरू करून, हेडलाइट लावून, मध्यम-उंच वेगावर म्हणजे सुमारे 4000 ते 5000 आरपीएमला बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. ते साधारण 13.5 ते 14.8 च्या दरम्यान असावे. आकडा 12 च्या घरातच रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर व्होल्टेज आवरत नाही आणि बॅटरी उकळून मरते आहे. ही दुसरी शक्यता विसरली जाते, कारण गाडीचा दिवा झगझगीत असतो आणि चार्जिंग उत्तम आहे असे वाटते. सारखे बल्ब जाणे ही तिची खूण.

चार्जिंग कमी असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) विकत घेण्याआधी त्याचा कपलर उघडून पाहावा. हा भाग काम करताना बराच तापतो आणि त्याच्या कपलरमधील एखादी पिन सैल असेल तर ती जागा आणखी तापून प्लॅस्टिक तपकिरी होते, कधी वितळते. असा कपलर तसाच ठेवून नवा रेग्युलेटर जोडला, तर काही महिन्यांत तोही जातो. कपलर निर्दोष असेल तर मॅग्नेटमधून, म्हणजे इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या भागातून, येणाऱ्या तारा तपासाव्यात. तीन फेजच्या रचनेत तिन्ही तारा सहसा एकाच रंगाच्या असतात. कपलर सोडवून इंजिन चालवावे आणि एसी व्होल्टेज तारांच्या तिन्ही जोड्यांमध्ये एकाच वेगावर मोजावे. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत आणि वेग वाढवला की तिन्ही वाढायला हवेत. एक जोडी मागे पडत असेल तर स्टेटरची (मॅग्नेटमधल्या स्थिर भागाची) कॉइल जळाली आहे. इंजिन बंद असताना यातील कोणत्याही तारेचा इंजिनाच्या धातूशी संपर्क मीटरवर दिसता कामा नये. एकाच फेजच्या लहान गाड्यांमध्ये जोडणी वेगळी असते, तिथे त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकातले आकडेच प्रमाण मानावेत.

आता गळती. किल्ली बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि तार व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडावा, सुरुवातीला 10 अँपिअरच्या श्रेणीवर आणि आकडा लहान आहे याची खात्री झाल्यावर मिलिअँपिअरच्या श्रेणीवर. मीटर जोडलेला असताना किल्ली चालू करू नये आणि सेल्फ तर मुळीच दाबू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. निरोगी गाडीत घड्याळ आणि कंट्रोल युनिट मिळून काही थोडे मिलिअँपिअर घेतात. तुलनेसाठी हिशेब करून पाहा: 50 मिलिअँपिअरची गळती दिवसाला 1.2 अँपिअर-तास खाते, म्हणजे 5 अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच दिवसांत पूर्ण रिकामी होते आणि सेल्फ फिरवण्याइतका जोर तर त्याच्या बराच आधी संपतो. हीच गळती 2 मिलिअँपिअर असेल तर त्याच बॅटरीला शंभराहून अधिक दिवस लागतील. ‘सोमवार ते शुक्रवार रोज चालवली तर ठीक, सुटीवरून आलो की बंद’ या तक्रारीमागे असाच हिशेब असतो.

आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. जो काढल्यावर गळती थांबते त्याच्या वाटेवर दोष असतो. मागाहून बसवलेला अलार्म, ट्रॅकर, मोबाइल चार्जर किंवा जादा दिवे यांच्यावर पहिला संशय घ्यावा, कारण ते बऱ्याचदा किल्लीनंतरच्या तारेऐवजी थेट बॅटरीला जोडलेले असतात. फ्यूज काढूनही गळती थांबत नसेल, तर रेग्युलेटर-रेक्टिफायरचा कपलर सोडवून पाहावा. त्यातला डायोड फुटला असेल तर बॅटरीतली वीज उलट स्टेटरकडे वाहत राहते.

या दोन्ही चाचण्या स्वच्छ निघाल्या तर वापराकडे पाहावे. दिवसातून चार वेळा सेल्फ दाबून प्रत्येक वेळी पाच मिनिटे, तेही कमी वेगात, गाडी चालवली जात असेल, तर खर्च झालेली वीज भरून निघत नाही आणि यात कुठलाच भाग खराब नसतो. सकाळी पहिल्यांदा किकने सुरू करणे, किंवा अधूनमधून बॅटरी तिच्या अँपिअर-तासांच्या सुमारे एक दशांश प्रवाहाने बाहेरून चार्ज करणे, हे त्यावरचे उपाय आहेत. एकदा पूर्ण उतरून कित्येक दिवस तशीच राहिलेली बॅटरी मात्र पुन्हा पूर्ण ताकदीवर सहसा येत नाही, कारण तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे थर घट्ट बसतात.

इंजिन फिरते, पण पेटत नाही

येथे पहिला निर्णय करायचा तो असा, की पेट्रोल पोचत नाही की ठिणगी पडत नाही. अडलेल्या स्थितीतच, पाच-सहा प्रयत्नांनंतर लगेच प्लग काढून पाहावा. टोक कोरडे असेल तर पेट्रोलच्या वाटेने जावे. ओले आणि पेट्रोलचा वास येणारे असेल तर एकतर ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल अतिरेकी येते आहे. ठिणगी पाहण्यासाठी प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातू इंजिनाला घट्ट टेकवावा आणि इंजिन फिरवावे. प्लग हवेत मोकळा धरून ही चाचणी करू नये, कारण ठिणगीला वाट न मिळाल्यास सीडीआय (ठिणगीचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा कंट्रोल युनिटला इजा पोचू शकते. प्लगच्या उघड्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, म्हणून ठिणगी त्या छिद्रापासून शक्य तितकी लांब आणि मोकळ्या हवेत पडेल असे पाहावे. अशा चाचणीसाठी मिळणारा बंद टेस्टर वापरला तर अधिक चांगले. निळसर, जाड, आवाज करणारी ठिणगी चांगली. बारीक पिवळट ठिणगी उघड्यावर पडली तरी सिलेंडरमधल्या दाबाखाली पडेलच असे नाही.

प्लगचा रंगही मागची पायरी दाखवतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक हे ठीक ज्वलनाचे लक्षण. कोरडी काळी काजळी वारंवार जमत असेल तर एअर फिल्टर तुंबला आहे, चोक पूर्ण परत जात नाही किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. तेलकट काळेपणा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल येत आहे, आणि कितीही प्लग बदलले तरी ते तसेच होतील. नवा प्लग लावताना गाडीच्या पुस्तकातला क्रमांक आणि गॅप पाळावा. अनेक गाड्यांत तो 0.6 ते 0.9 मिलिमीटरच्या दरम्यान असतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पोचत नसेल, तर फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंग्याच्या) वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे. काहीच आले नाही तर कॉक, फिल्टर किंवा फ्लोटची सुई अडली आहे. आलेले पेट्रोल दोन मिनिटे स्थिर ठेवल्यावर तळाशी वेगळे थेंब किंवा थर दिसला तर ते पाणी आहे, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड असते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषते, आणि ती मर्यादेबाहेर गेली की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी, म्हणजे पेट्रोल जिथून उचलले जाते तिथेच, जमा होतात. महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाडीत हे विशेष घडते. स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. त्यात वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसला तर गाडी चोकवर सुरू होते आणि चोक काढताच मरते. जेट साफ केल्यावर तक्रार काही आठवड्यांनी परत येत असेल, तर कार्ब्युरेटर पुन्हा उघडण्याऐवजी टाकीत टॉर्च मारून गंज पाहावा. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे होते.

काही अंतर व्यवस्थित चालून बंद पडणारी आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारी गाडी दिसली, तर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातली हवेची वाट बुजलेली आहे. यासाठी लोकांनी ठिणगीच्या कॉइली बदलल्या आहेत.

उलट, सकाळी पेट्रोलचा तीव्र वास येतो, प्लग चिंब असतो आणि इंजिन ऑइलची पातळी वाढलेली दिसते, तर फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरते आहे. अशा वेळी ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही. ऑइल वाढलेले नसून प्लगच नुसता पेट्रोलने भिजला असेल, तर चोक न ओढता, थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन काही सेकंद फिरवावे.

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली चालू करताच टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घुमल्याचा आवाज येतो. तो कधी येतो आणि कधी येत नाही असे असेल, तर पंपाचा रिले, कपलर किंवा पंप स्वतः संशयित. इंजिनाच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असेल तर लांब आणि आखूड लुकलुकण्यातून दोषाचा क्रमांक वाचता येतो. तो लिहून ठेवल्याशिवाय बॅटरी काढू नये. तापमानाचा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल तर दिवा न लागताही गाडी त्रास देऊ शकते: गार इंजिन गरम आहे असे कळवले गेले तर सकाळी पेट्रोल कमी मिळते, आणि गरम इंजिन गार आहे असे कळवले गेले तर थांबून निघताना ते जास्त मिळते.

फक्त तापल्यावर अडणारी गाडी

मेकॅनिकला सर्वांत जास्त हुलकावणी देणारा दोष हाच, कारण गाडी त्याच्या हाती येईपर्यंत निवलेली असते. तारेच्या वेटोळ्यात सूक्ष्म तडा असेल तर गार असताना टोके जुळलेली राहतात आणि तापून प्रसरण पावल्यावर विलग होतात. पल्सर कॉइल (ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणारी) इंजिनाच्या आवरणात बसलेली असल्यामुळे तिच्याबाबत हे विशेष घडते; इग्निशन कॉइल आणि सीडीआय हे तिच्या पाठोपाठचे उमेदवार. म्हणून प्लगचा पाना आणि एक जादा प्लग सोबत ठेवावा आणि गाडी अडल्या जागी, निवण्याआधी, ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल आणि निवल्यावर ती परत आली, तर शोध विजेच्या बाजूपुरताच उरतो. गरम कॉइलचा रोध मोजताना एक लक्षात ठेवावे, की तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो; 60 अंशांनी तापलेल्या कॉइलचा आकडा चौथाईच्या आसपास वाढलेला दिसणे नैसर्गिक आहे. आकडा एकदम अमर्याद होणे किंवा उड्या मारणे हा दोष.

तापलेल्या स्थितीत ठिणगी चांगली आणि पेट्रोलही येत असेल, तर टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यामधली फट, तपासावा. वापराने व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल बसत जातो आणि अनेक इंजिनांत गॅप वाढण्याऐवजी कमी होतो. गॅप संपला की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दाब सुटतो आणि गाडी किक घेत नाही. काही गाड्यांत गार असतानाही हीच अडचण येते. यातली फसवणूक अशी की टॅपेटचा खडखडाट कमी झालेला असतो आणि मालक इंजिनाच्या शांतपणावर खूश असतो. गॅप नेहमी पूर्ण निवलेल्या इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून, फिलर गेजने पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे ठेवावा.

ओल, हँडल आणि दाब

फक्त पावसात किंवा धुतल्यानंतर अडणाऱ्या गाडीची प्लग कॅप आणि जाड वायर रात्रीच्या अंधारात पाहावी. इंजिन चालू असताना भेगेतून बाहेर पळणाऱ्या बारीक ठिणग्या दिसल्या तर वेगळा पुरावा लागत नाही.  हँडल एका बाजूला वळवल्यावरच दिवे जात असतील किंवा फ्यूज उडत असेल, तर हँडलच्या मानेपाशी वायरिंग घासले आहे. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे आग लागण्याची सोय करणे होय.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही जागच्या जागी असताना किक हलकी लागत असेल, तर कॉम्प्रेशन गेज लावावा. थ्रॉटल पूर्ण उघडून आलेला आकडा कमी असेल, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चांगलाच वाढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून दाब सुटतो आहे. यापुढचे काम घरी करण्याचे नाही.

मेकॅनिककडे गाडी देताना ‘सुरू होत नाही’ एवढेच न सांगता नोंदीचा कागद द्यावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा आग्रह धरावा. प्लग, कॉइल आणि कार्ब्युरेटर एकाच दिवशी हाताळले गेले तर नेमका इलाज कशाने झाला हे कधीच कळत नाही. काढलेला भाग परत मागून घ्यावा. दुरुस्ती झाल्यावर गाडी गॅरेजच्या दारात सुरू करून दाखवली गेली, एवढ्यावर समाधान मानू नये. तापल्यावर अडणारी गाडी पूर्ण तापवून, दहा मिनिटे बंद ठेवून सुरू करून पाहावी. आठवड्याच्या खंडानंतर अडणारी गाडी तितकेच दिवस उभी ठेवून, आधी आणि नंतर बॅटरीचे व्होल्टेज मोजून पाहावे. ओलीने अडणाऱ्या गाडीवर प्लग कॅपपाशी फवाऱ्याने थोडे पाणी मारून पाहावे. या चाचणीत गाडी पुन्हा अडली, तर बदललेला भाग नोंदीत लिहून तो वगळावा आणि पुढच्या संशयिताकडे जावे.